एक जूनचे नातू

एक जूनला निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो. सत्तरीपुढची चार माणसं रांगेत उभी करा, दोघांच्या आधार कार्डावर ०१/०६ निघेल.

कारण ठाऊकच आहे. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख माहीत नसायची. 'पोळ्याच्या आगंमागं झाला, त्या साली पूर आलता,' एवढाच पुरावा. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. रजिस्टरात एक जून.

वयाची पडताळणी म्हणतात ती ही. खर्च शून्य. आजच्या महागड्या यंत्रणांपेक्षा ती फार चुकायची, असंही नाही.

आजोबांची जन्मतारीख गुरुजींनी ठरवली. नातू आपली आपण ठरवतो.

आमच्या इमारतीत अकरा वर्षांची एक मुलगी आहे. तिचं इन्स्टाग्रामचं खातं मात्र एकतीस वर्षांच्या बाईचं आहे. दोघी एकच. खातं उघडताना जन्मसालाचं चाक येतं. अंगठ्याने ढकललं की गरगरतं आणि थांबेल तिथे आपला जन्म. त्या चाकाच्या हिशेबाने ही पोरगी तिच्या वर्गशिक्षिकेपेक्षा चार वर्षांनी थोरली.

चाक कोणी फिरवलं? आईनेच. 'काय करू हो, वर्गातल्या सगळ्याजणींचं आहे.'

म्हणजे अख्खा वर्गच तिशीचा. इयत्ता पाचवी, तुकडी ब.

या वर्गाला वाचवायला आता कायदा आणायचा म्हणे. कायदा म्हटलं की आपल्याला हायसं वाटतं. मुलाशी बोलावं लागत नाही.

*

आधी तेराचं कोडं सोडवू. बहुतेक ॲप म्हणतात, तेरा वर्षं पूर्ण हवीत. हा आकडा आला कुठून? बालमानसशास्त्राच्या ग्रंथातून?

छे. अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या खासगी माहितीबद्दल एक कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर आईबापांची परवानगी घ्या, असं तो म्हणाला. कंपन्यांनी हिशेब मांडला. परवानग्या गोळा करत बसण्यापेक्षा 'आमच्याकडे तेराखालचं कोणी येतच नाही' म्हणणं स्वस्त.

तेराव्या वर्षी अक्कल येते असं कोणी म्हटलंच नव्हतं. कायद्यातला आकडा उचलून ते वय कंपनीच्या वकिलाने ठरवलेलं आहे.

ऑस्ट्रेलियाने तेराचे सोळा केले. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळाखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा दहा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. हयगय करणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलाला शिक्षा नाही, आईबापालाही नाही. महिन्याभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचं जाहीर झालं.

टाळ्या. खाती गेली. पोरं कुठे गेली?

यूट्यूबचंच बघा. व्हिडिओ बघायला खातं लागतच नाही. खातं होतं तेव्हा आईबापांना निदान त्याला लगाम घालता येत होता, काय दिसावं ते ठरवता येत होतं. खातं गेलं, लगाम गेला.

घोडा तिथेच आहे.

जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनीही सोळाखालच्यांसाठी अशाच बंदीचा विचार चालू असल्याचं सांगितलं. आजवर इन्सुलीच्या नाक्यावर गाड्यांच्या डिकीत गोव्याच्या बाटल्या शोधायचे. आता पणजीला मावशीकडे निघालेल्या पोरांच्या खिशात रील शोधायच्या का?

*

बंदीचा प्रयोग काही नवा नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्येच केला. सोळाखालच्यांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. पोरांनी काय केलं? आईबापांचा ओळख क्रमांक टाकून खेळली. शिवाय कायदा होता कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी, आणि पोरं तोवर फोनवर सरकली. कायदा बिचारा रिकाम्या कॉम्प्युटरपाशी दहा वर्षं राखण करत बसला.

या कायद्याच्या जंजाळापायी शेवटी ठोकळ्यांची घरं बांधायचा 'माइनक्राफ्ट' हा खेळ कोरियात फक्त प्रौढांसाठी होऊन बसला. मग मात्र सरकारलाच हसू आलं असावं. २०२१ मध्ये कायदा गुंडाळायचं ठरलं.

चीनने २०२१ मध्ये आणखी आवळलं. अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच खेळ. त्याच सुमारास एका साठीच्या खात्याने पहाटे तीनला एका लढाईच्या खेळात अफाट पराक्रम गाजवल्याची बातमी आली. लोक म्हणाले, आजोबांच्या नावावर नातू खेळतोय. कंपनी म्हणाली, आम्ही चेहरा तपासलाय, साठीचाच आहे.

असेलही. झोपलेल्या आजोबांचा चेहरा साठीचाच असतो.

ब्रिटनने २५ जुलै २०२५ पासून प्रौढांच्या साइटवर वयाचा पुरावा सक्तीचा केला. त्याच आठवड्यात तिथल्या डाउनलोडच्या यादीत 'व्हीपीएन'ची ॲप धडाधड वर चढली. व्हीपीएन म्हणजे काय? आपण लंडनमध्ये बसून ॲमस्टरडॅममध्ये असल्याचं भासवणं. काही पठ्ठ्यांनी तर एका व्हिडिओ गेममधल्या मिशीवाल्या पात्राचं थोबाड कॅमेऱ्यापुढे धरलं. यंत्र म्हणालं, या साहेब.

डोक्यावरून हात, पलीकडचा कान. गुरुजी, तुम्हीच बरे होता.

*

आपण तरी मागे कुठे आहोत?

२०१५ मध्ये सरकारने एका फटक्यात ८५७ साइट बंद केल्या. अश्लील म्हणून. यादीत विनोदाच्या साइटही निघाल्या. चार-पाच दिवसांत हुकूम सैल करावा लागला. देशाला अश्लील काय आणि विनोदी काय यातला फरक कळेना, असं पहिल्यांदाच झालं नसेल.

२०१७ मध्ये ब्लू व्हेल आला. जीव घेणारा गेम म्हणे. सरकारने बड्या कंपन्यांना त्याच्या लिंक काढून टाकायचे आदेश दिले, शाळांनी सभा घेतल्या, वाहिन्यांनी काळी पार्श्वभूमी लावली. काढून टाकायला मुळात तसं ॲपच नव्हतं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितलं की तपासलेल्या कुठल्याही घटनेत या खेळाचा हात सिद्ध झाला नाही. साप साप म्हणून भुई धोपटली.

भुईला लागलं. ज्या पोराचं मन खरंच खचलेलं होतं त्याला कोणी विचारलंच नाही.

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. कारण चिनी होतं, पण आईबापांना वाटलं आपलंच गाऱ्हाणं ऐकलं. घराघरांत सुटकेचा निःश्वास. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात 'रील्स' आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स'.

निःश्वास सोडून होईपर्यंत नाच पुन्हा सुरू.

आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ आठवतंय? ऑनलाइन त्रास देणाऱ्यांना धडा शिकवायला आणलेलं कलम. २०१२ मध्ये पालघरमध्ये ते कोणावर पडलं? दोन तरुण मुलींवर. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यावर 'लाइक' केलं. दोघींना अटक. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. २०२१ मध्ये उघड झालं की रद्द कलमाखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतायत.

कलम मेलं तरी लाठी जिवंत असते. आणि तरुण मुलांची पाठ कायम हाताशी असते.

*

आपला नवा कायदा तर ऑस्ट्रेलियाच्या दोन वर्षं पुढे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो, अठरा पूर्ण होईपर्यंत मूल. त्याची माहिती वापरायची तर आईबापांची पडताळून घेतलेली संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपनी चुकली तर २०० कोटींपर्यंत दंड.

यातली एक गोष्ट सोन्यासारखी आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई. ती जपा.

पण संमतीचं चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. वडिलांच्या फोनवर ओटीपी येणार. आपल्या घरात ओटीपी वाचतं कोण?

पोरगंच. आजोबांचं यूपीआय त्याने चालू करून दिलं. सातबारा त्याने डाउनलोड केला. गॅसच्या सबसिडीचं, आजीच्या केवायसीचं, शेजारच्या काकांच्या पीकविम्याचं सगळं तोच बघतो. वडिलांचा पासवर्ड त्यानेच ठेवलाय, कारण वडिलांच्या लक्षात राहत नाही. आता कायदा या पोराला म्हणणार, वडिलांची परवानगी आण.

आणेल की. 'बाबा, जरा अंगठा लावा इथे.' बाबा लावतील. बाबांनी आजवर कुठे वाचून लावलाय?

*

मुळात या पोरांच्या हातात फोन दिला कोणी? २०२० आठवा. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत अभ्यास व्हॉट्सॲपवर आला. एका फोनच्या घरात दुसरा फोन हप्त्याने आला. फेब्रुवारीत 'फोनला हात लावलास तर बघ' म्हणणारी आई जुलैत 'फोन सोडून उठलास तर बघ' म्हणू लागली.

फोन दिला, चार्जर दिला, नेटपॅक मारला. वापरायची अक्कल पुढच्या हप्त्यात देऊ म्हणालो.

तो हप्ता थकलाय.

'असर' २०२४ च्या अहवालाने ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला ५७ टक्क्यांनी, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. आता पुढचं वाचा. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत. आपलं खातं खासगी कसं ठेवायचं हे ५५ टक्क्यांना. पासवर्ड बदलायला येणारे ५८ टक्के.

राहिलेली मुलं? दार उघडं ठेवून झोपतात. त्यांना कडी असते हेच कोणी दाखवलेलं नाही.

कडी दाखवायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिलं. तीन मिनिटं. खातं खासगी करणं, अनोळख्याचे मेसेज बंद करणं, ब्लॉकचं बटण कुठे आहे ते दाखवणं. विधेयक मांडायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि ते मांडताना निम्मे सदस्य फोनमध्ये असतात.

शाळेत शिकवत नाहीत का? शिकवतात ना. 'मोबाइल : शाप की वरदान' हा निबंध मराठी पोरं पिढ्यान्‌पिढ्या लिहितायत. निष्कर्ष ठरलेला : अतिवापर वाईट. दहापैकी आठ. ब्लॉकचं बटण निबंधात येत नाही, कारण ते सुविचारात बसत नाही.

मध्यंतरी एका शाळेची सूचना हाती पडली. 'पालकांनी पाल्यांना मोबाइल देऊ नये.' सूचना व्हॉट्सॲपवर आली होती. तिच्याच खाली दुसरी सूचना : 'गृहपाठाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आहे, पाल्यास दाखवावा.'

दोन्हींवर सगळ्या पालकांचे जोडलेले हात.

*

शिकवायची वेळ आली की आपली संस्कृती धोक्यात येते. २००७ मध्ये शाळांत किशोरवयीनांसाठी लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम येऊ घातला होता. आमदार खवळले, महाराष्ट्राने तो थांबवला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत पहिला आयफोन विकायला आला.

तास रद्द झाला असं आपण समजलो. फक्त शिक्षक बदलला होता.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. लोकांच्या लाजऱ्या प्रश्नांना सरळ, छापील उत्तरं दिली. बक्षीस काय? अश्लीलतेचे खटले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी कर्वे हरले. ज्ञानाला अश्लील ठरवण्यात आपला हात कोणी धरावा?

नव्वद वर्षांनी पोरं तेच प्रश्न विचारतायत. जो विचारल्याबद्दल डोळे वटारत नाही, त्याला.

म्हणजे फोनला.

*

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अक्षय कुमारने घरातलीच गोष्ट सांगितली. मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती. समोरचा अनोळखी आधी गोडगोड बोलला, मग मुलगा की मुलगी विचारलं, मग थेट नग्न फोटो मागितला. तिने गेम बंद केला आणि जाऊन आईला सांगितलं. तेवढ्यावर अरिष्ट टळलं. अभिनेत्याने मुख्यमंत्र्यांना विनंती केली की सातवी ते दहावीला आठवड्यातून एक सायबरचा तास ठेवा.

यात कुठलं कलम कामाला आलं? 'जाऊन आईला सांगितलं.' हेच कलम.

तुमच्या घरात ते लागू आहे का, तपासून बघा. रात्री मूल फोन घेऊन दारात उभं राहतं. 'बाबा, एक दाखवायचंय.' तुमचा पहिला प्रश्न कोणता?

'तुला फोन कोणी दिला?'

झालं. सुनावणी संपली. फोन जप्त, मूल गप्प. खरा आरोपी तिकडे दुसऱ्या मुलाला 'हाय' पाठवतोय.

फोटो मिळवून मुलांना लुटणाऱ्यांची धमकी काय असते, माहीत आहे? पोलिसांची भीती ते घालत नाहीत. 'तुझ्या आईबाबांना पाठवतो,' एवढंच म्हणतात. पोरगं थरथर कापतं आणि म्हणतील ते करत सुटतं. बदमाशाच्या हातातलं हत्यार म्हणजे तुमचा राग.

परवाना तुमच्याच नावावर आहे.

त्यात बंदी आली की मूल आणखी मुकं. जिथे असणंच बेकायदा, तिथे कोणी छळलं हे सांगायचं कुठल्या तोंडाने? वर्ध्यात, गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिथे भेसळीची प्यायलेला माणूस पावती घेऊन तक्रारीला जातो का?

१०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला. दहा, नऊ, आठ. उलटी मोजणी. पहिलीतल्या पोरालाही पाठ व्हावा इतका सोपा.

कोणी सांगितला असता तर.

*

महाराष्ट्रातल्याच दोन गावांची गोष्ट. साल एकच, २०२२.

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबरमध्ये ठराव केला : अठराखालच्यांना मोबाइल बंद. मोडला तर दंड. ठराव करणारे सगळे अठराच्या वर.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने ऑगस्टमध्ये वेगळं केलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. फोन बंद, टीव्ही बंद. पोरं अभ्यासाला, मोठे वाचायला नाहीतर गप्पांना. साडेआठला दुसरा भोंगा, मग जो तो मोकळा. पुढाकार सरपंच विजय मोहिते यांचा.

फरक लक्षात आला? भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. सातची मालिका सुनेचीही गेली, सासूचीही. बातम्यांतली भांडणं बापाची गेली. घरात कोणीच फोनवर नसेल तर पोराला फोनवर जायला लाज वाटते. आणि दीड तास एकमेकांची तोंडं बघावी लागली की माणसं बोलतात.

नाइलाजाने का होईना.

बान्सीची काळजी खोटी नव्हती. पण 'तू बंद कर' आणि 'चल, बंद करू' यात जे अंतर आहे ते कुठल्याच ठरावाला भरता येत नाही.

केरळात २०१८ मध्ये कण्णूर जिल्ह्याने सरकारी शाळांत खोटी बातमी कशी ओळखायची याचे वर्ग घेतले. मेसेज आला की लगेच पुढे ढकलू नये, आधी विचारावं : हे कोण म्हणतंय, का म्हणतंय? पुढे तिथल्या शाळांतल्या 'लिटिल काइट्स' या मुलांच्या क्लबांनी आणखी एक केलं. ऑनलाइन सावध कसं राहायचं याचे धडे दिले. कोणाला? आयांना.

आपल्याकडे हे करायचं म्हटलं तर वर्ग आधी कोणाचा भरेल? कुटुंबाच्या ग्रुपवर 'नासाने सांगितलं आहे' असं रोज सकाळी कोण पाठवतं?

पोरगं पाठवत नाही. ते तर ग्रुप म्यूट करून बसलंय.

*

मग कायदा नकोच का? असं कोण म्हणतंय? हवा. पण कोणाच्या मानेवर, ते आधी ठरवा.

मुलांना नासवणाऱ्यासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६७ब आहे. मुलांची तसली चित्रं नुसती साठवणंही गुन्हा ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बजावलं. त्याच निकालात लैंगिक शिक्षणाची गरजही न्यायालयाने सांगितली. तिथे पोहोचेपर्यंत आपण पान उलटलं.

आणि कंपन्या? २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या बाईंनी फेसबुकच्या आतले कागद बाहेर आणले. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराची आणखीनच लाज वाटू लागते, हे कंपनीच्याच संशोधकांना दिसलं होतं. कागद कपाटात होते. शेवट नसलेली रील, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, मध्यरात्री वाजणारी घंटी, यातलं काय त्या पाचवी ब ने बनवलं?

दुकानदाराला जाब विचारा. गिऱ्हाइकाच्या उंचीवरून भांडण कसलं? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची आपली जुनी खोड आहे, इथे तर संन्यासी दुधाच्या दातांचा आहे.

*

गावाकडच्या विहिरीला कठडा असतो. असावाच. पण परीक्षा संपली की काका पोराच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधतो, कमरेला दोर बांधतो आणि देतो ढकलून. दोराचं टोक काकाच्या मुठीत. नाकातोंडात पाणी जातं, पोरगं बोंबलतं, काका वरून हसतो. आठवड्यात दोर सैल होतो. पंधरवड्यात भोपळा सुटतो. पुढच्या मे महिन्यात तेच पोरगं धाकट्याला ढकलायला काठावर उभं.

२००२ मध्ये अमेरिकेत डिक थॉर्नबर्ग या माजी ॲटर्नी जनरलांच्या समितीने मुलं आणि इंटरनेट यावर जाडजूड अहवाल दिला. सार काय? तलावाला कुंपण घाला, कुलूप लावा, पण सगळ्यात आधी पोराला पोहायला शिकवा.

आपल्या काकाला हे अहवालाशिवाय ठाऊक होतं. आज अडचण एकच आहे. काका स्वतःच रील बघतोय.

दोर कधीच सुटलाय.

*

परवा आमच्या इमारतीतल्या त्या एकतीस वर्षांच्या मुलीने आईला गाठलं. आई फोडणी टाकत होती.

'आई, मला एक ऑनलाइन मैत्रीण मिळालीय. ती म्हणते, मी पण पाचवीत आहे.'

'बरं.'

'पण आई, मी तिथे एकतीसची आहे ना?'

'हं.'

'मग ती किती वर्षांची असेल?'

मोहरी तडतडत होती. आईने पोरीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, हात पुढे केला आणि बंद करून टाकला.

गॅस.